जोडीदार गेलेल्या मैत्रिणीला घेऊन रामटेक-खिंडसी: एक दिवसाची सहल कितपत जमते?

तेरवी आटोपते, पाहुणे जातात, मुलं पुण्या-हैदराबादला परततात आणि दोनेक महिन्यांनी शाळेच्या जुन्या ग्रुपवर कोणीतरी लिहितं, "तिला एक दिवस बाहेर काढू या." नागपुरात हे बोलणं बहुतेक वेळा रामटेकवर येऊन ठरतं. अंतर जेमतेम 50 किलोमीटर, रस्ता चांगला, रामाच्या देवळाचा गड आहे, खिंडसी तलाव आहे, संध्याकाळच्या आत घरी.

आमचं मत आधीच सांगतो. सहल म्हणून रामटेक-खिंडसी उत्तम आहे. पण नवरा किंवा बायको जाऊन वर्ष व्हायचं असलेल्या माणसाला घेऊन ती नेहमीच्या पद्धतीनं केली, म्हणजे एक मोठी गाडी, सकाळी 6 ला निघणं, आधी गड, मग अंबाळा तलाव, मग खिंडसी आणि अंधार पडल्यावर घर, तर दिवस त्या माणसाच्या अंगावर येतो. क्रम उलटा केला, गाड्या दोन घेतल्या आणि अंबाळ्याचा निर्णय आधीच करून ठेवला, तर याच ठिकाणी दिवस फार चांगला जातो. खाली सगळीकडे 'मैत्रीण' लिहिलं आहे. बायको गेलेल्या मित्राला नेणार असाल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात, फरक आहे तिथे वेगळं सांगितलं आहे.

तारीख ठरवताना

हवामानाच्या हिशेबानं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास असतो, गडाचे दगड तापतात आणि तलावावर सावली शोधत बसावं लागतं. पावसाळ्यात खिंडसी देखणी दिसते, पण पायऱ्या निसरड्या होतात आणि साठीच्या पुढच्या गुडघ्यांना ते झेपत नाही.

पण हवामान बघण्याआधी तिचं कॅलेंडर बघा. दर महिन्याची ती तिथी आणि ती तारीख या दोन्ही टाळा. घरात तिथी पाळत असले तरी मनात बहुधा इंग्रजी तारीख असते. लग्नाचा वाढदिवस, त्यांचा वाढदिवस, पितृपक्ष हे टाळा. संक्रांत ते रथसप्तमी हा काळ हवेच्या दृष्टीनं सुंदर, पण तेव्हा बाहेर पडलेल्या बायकांच्या प्रत्येक टोळक्यात हळदीकुंकवाच्या गोष्टी असतात, वाणाच्या पिशव्या असतात. पहिल्या वर्षी तरी हे दिवस सोडून द्या. रामनवमीला आणि कार्तिक पौर्णिमेला रामटेकला जत्रा असते, त्या गर्दीत कोणालाच सांभाळता येत नाही.

वार बुधवार किंवा गुरुवार घ्या. रविवारी खिंडसीवर कुटुंबंच्या कुटुंबं येतात, स्पीकर लावतात, जोडीजोडीनं फोटो काढत असतात. तोच तलाव आठवड्याच्या मधल्या दिवशी इतका शांत असतो की बोटीच्या वल्ह्याचा आवाज काठावर ऐकू येतो.

आणखी एक, काही घरांत वर्षभर देवळात जात नाहीत किंवा गड-डोंगर चढत नाहीत. तुमचं मत काहीही असो, तिला आधी विचारा. गडाच्या पायथ्याशी गेल्यावर हा विषय निघाला की तिला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं.

कोण जाणार

चार ते सहा जणं. त्याहून जास्त झाले की दोन-दोनच्या गप्पा सुरू होतात आणि एक जण सुटतो, तो कोण हे सांगायला नको. नुसते जुने मित्र-मैत्रिणी, जोडीदार कोणाचाच नको, याबाबत आम्ही ठाम आहोत. इतकी वर्षं चार जोडपी मिळून फिरत होतात म्हणून यंदा सात जण जाऊ, असं करू नका. सात हा आकडा दिवसभर समोर येतो, गाडीत बसताना, ताटं मांडताना, बोटीत दोन-दोन बसवताना.

गाडी: एक मोठी की दोन लहान

बहुतेक गट सात सीटची गाडी घेतात. अर्टिगात ड्रायव्हर धरून सात जण बसतात, पण मागची ओळ मोठ्या माणसाच्या गुडघ्यांना अपुरी पडते आणि ती ओळ उघडी असली की डिकीत दोन डबे आणि एक चटई एवढंच मावतं. इनोव्हा ऐसपैस आहे, पण मधल्या ओळीत दोन सुट्या खुर्च्या असलेली गाडी आली तर मागे जाणाऱ्याला वाकून शिरावं लागतं. बुक करताना मधली ओळ सलग हवी की सुटी, हे विचारून घ्या.

सहा जणांसाठी आमची पसंती दोन साध्या डिझायरना आहे, प्रत्येकीत तीन जण. थोडे पैसे जास्त जातात, पण अशा दिवशी केव्हाही, अगदी दुपारी 12 लासुद्धा, "मला घरी जायचंय" असं वाटू शकतं. गाडी एकच असली तर ती हे बोलतच नाही, कारण पाच जणांचा दिवस मोडेल. मग उरलेले पाच तास ती नुसती सोबत बसून काढते. दोन गाड्या असल्या की एक मैत्रीण तिला घेऊन शांतपणे परत फिरते, बाकीचे जेवून येतात. दुसरा फायदा असा की काहींना गडावर जायचं असतं आणि काहींना तलावाकाठी बसायचं असतं. एकाच गाडीत ही वाटणी जमत नाही. निघण्याआधी तिला एवढंच सांगा, "दुसरी गाडी आहे, कधीही परत फिरू." हे एकदाच सांगायचं, दर तासाला विचारायचं नाही.

भाड्याचा हिशेब इथे नेहमी गोंधळतो. गाडीवाले दोन पद्धतीनं भाडं सांगतात. एक म्हणजे 8 तास-80 किलोमीटर आणि वरचे किलोमीटर, वरचे तास वेगळे. दुसरी बाहेरगावची, तिच्यात प्रत्यक्ष कितीही चाललात तरी दिवसाचे किमान 250 किंवा 300 किलोमीटर धरतात आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. रामटेक-खिंडसी जाऊन-येऊन साधारण 120 किलोमीटर होतात, म्हणजे पहिल्या पद्धतीत 40 किलोमीटर आणि तास-दीड तास वरचा लागतो. दोन्हीचे आकडे फोनवरच मांडून घ्या, बहुधा पहिली पद्धत स्वस्त पडते. मीटर तुमच्या दारापासून सुरू होणार की त्यांच्या गॅरेजपासून, हे विचाराच. गॅरेजपासून मोजतात तिथे बिलात दहा-पंधरा किलोमीटर वाढतात आणि परत आल्यावर दारात वाद होतो. तिच्या दारात असा वाद त्या दिवशी तरी नको. टोल, पार्किंग धरून की वेगळं, हेही मेसेजमध्ये लिहून घ्या.

ड्रायव्हरशी एक जण आधी फोनवर बोलून घ्या. तीन गोष्टी सांगायच्या: गाणी-भजनं लावायची नाहीत, कोणी म्हटलं की लगेच थांबायचं, आणि "काकू, साहेब नाही आले का सोबत?" असं विचारायचं नाही. हा प्रश्न ड्रायव्हर आपुलकीनं विचारतात, आणि नेमका कामठी रोडवरच्या पहिल्या सिग्नलला.

कोणी म्हणेल, "हिचीच गाडी काढू, उभीच तर आहे." नको. दोन-तीन महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असते, टायरमधली हवा बसलेली असते, ही किरकोळ अडचण. मोठी अडचण कागदांची आहे. मालक गेल्यावर वारसानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि 3 महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. हे राहिलं असेल आणि रस्त्यात काही झालं, तर विम्याचा दावा अडकू शकतो. शिवाय त्या गाडीत त्यांनी आपल्या उंचीला लावलेली सीट तशीच असते, दाराच्या कप्प्यात चष्म्याचं घर असतं, पेट्रोलची पावती असते. ती सीट पुढे-मागे कोणी सरकवायची, हे तिनं तिच्या वेळेनं ठरवू दे.

भाड्याच्या गाडीतही पुढची डावी सीट मानाची म्हणून तिला देऊ नका. नवरा गाडी चालवायचा तेव्हा ती वर्षानुवर्षं तिथेच बसलेली असते. दार उघडून "तुला कुठे बरं वाटेल?" एवढं विचारायचं. बहुतेक जणी मागे खिडकीशी बसतात.

बाकीच्यांनी ऑटोमोटिव्ह चौकात जमायला हरकत नाही, मेट्रोची ऑरेंज लाइन तिथेच संपते आणि कामठी रोडही तिथूनच धरायचा असतो. तिला मात्र घरून घ्या आणि एकीनं वर जाऊन सोबत खाली या. दाराला कुलूप लावून एकटीनं जिना उतरायचा, हे बाहेर पडतानाचं सगळ्यात अवघड काम असतं. इतवारीहून रामटेकला रेल्वे आहे, एसटीही आहे, पण मनात येईल तेव्हा परत फिरता येत नाही म्हणून या कामासाठी ती नकोत.

वेळ आणि नाश्ता

सकाळी 9 च्या आधी निघू नका. अशा दिवसांत झोप पहाटे लागते, सहाला उठवून तयार केलेला माणूस दुपारी 2 ला थकून जातो. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा रामटेकहून उशिरात उशिरा साडेतीनला निघायचं, म्हणजे उजेड असताना घर. हातात सहा-सात तास येतात आणि तेवढे पुरतात.

कामठी-कन्हान ओलांडेपर्यंत नाश्ता उरकतो. तर्री पोहे घ्या, पण तर्री वाटीत वेगळी मागा. दोन महिने खिचडी-ताकावर राहिलेल्या पोटाला लाल तर्री एकदम सोसत नाही. दहा वाजताच पित्त झालं की पुढचा दिवस गेला. वरून चिवडा, कांदा, लिंबू एवढ्यावरही पोहे छान लागतात.

थांबण्याची जागा चवीपेक्षा स्वच्छतागृह बघून निवडा. चहा सांगण्याआधी एकीनं जाऊन बघून यायचं. हे बघितलं नाही की बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग दुपारी डोकं दुखतं आणि ते दु:खाच्या खात्यात जमा होतं. माणशी 1 लिटर पाणी आणि वर 5 लिटरचा कॅन ठेवा. 1 लिटरच्या थर्मासमध्ये आठ कप चहा बसतो, सहा जणांना एक फेरी आणि वर दोन कप. चहा बिनसाखरेचा भरा आणि साखर वेगळी ठेवा.

खिंडसी आधी

मनसरला उजवीकडे वळलं की रामटेकची टेकडी दिसायला लागते आणि ड्रायव्हर आपोआप गडाकडे निघतो. त्याला आधीच सांगा, पहिल्यांदा खिंडसी.

कारण असं. देवळाच्या गाभाऱ्यात, घंटेच्या आवाजात, रांगेत असताना रडू येतं, आणि तिथे मागचे ढकलत असतात, पुजारी हात पुढे करत असतो. दिवसाची सुरुवात तिथे झाली तर नंतर ओशाळलेपणा राहतो. तलावाकाठी माणूस बोलला नाही तरी चालतं, सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे असतात. समोरासमोर बसून न होणारं बोलणं शेजारी-शेजारी बसून पाण्याकडे बघत होतं.

इथे चटई हवीच, शक्यतो दोन. एक मोठी, सगळ्यांची, आणि एक लहान, थोडी बाजूला. कोणाला दहा मिनिटं वेगळं बसावंसं वाटलं की उठून कुठे जायचं हा प्रश्न पडत नाही. पाठ टेकायला दोन घडीच्या खुर्च्या ठेवा. खाली बसून उठणं ज्यांना जमत नाही ते जमतं असं म्हणतात आणि मग उठताना त्रास होतो.

बोटिंग चांगलं आहे. लाइफ जॅकेट प्रत्येकानं घालायचं, बकल ओढून बघायचं, सैल असलेलं बदलून मागायचं. दोन सीटची पायडल बोट घेऊ नका. त्यात जोड्या कराव्या लागतात, आणि पायडल मारून परतीला पाय भरून येतात ते वेगळं. सगळे एकत्र बसतील अशी मोटरबोट घ्या, दुपारी वारा वाढण्याआधी. तिला यायचं नसेल तर एकीनं तिच्यासोबत काठावर थांबायचं. हे कोण करणार ते घरूनच ठरवून ठेवा, म्हणजे काठावर "तू थांब, मी थांबते" होत नाही.

डबा

जेवणाला हॉटेलपेक्षा घरचा डबा बरा. सावजी नागपूरची शान आहे, पण आजचा दिवस त्याचा नाही.

सहा जणांना वडाभात सगळ्यात सोयीचा. तांदूळ 3 वाट्या, मोकळा भात. वड्यांना चणाडाळ 1 वाटी आणि तूर, मूग, उडीद, मठ मिळून 1 वाटी, पाच-सहा तास भिजवून भरड वाटायची. बारीक वाटली की वडे तेल पितात आणि डब्यात चिवट होतात. माणशी तीन वडे. हिंग-मोहरी-लाल मिरचीची फोडणी वाटीभर, स्टीलच्या फिरकीच्या डब्यात वेगळी. वडे पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, वाफ धरली की दुपारपर्यंत मऊ पडतात. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, नेण्याचा मोह होतो, पण तिचंही तेच होतं, तिथे तळून खायची चीज आहे ती. पोळ्या माणशी दोन, कोरडा झुणका, लिंबाचं लोणचं, ताक. एवढ्यात सहा जण जेवून थोडं उरतं, आणि ते उरायलाच हवं, कारण पुढे सांगतो.

"तू काही आणू नकोस" असं तिला सांगू नका, आणि पूर्ण स्वयंपाकही सोपवू नका. तिच्या हातची नावाजलेली एकच वस्तू मागा, लोणचं किंवा चटणी. पोळ्या-भाजी सांगितली की ओट्याशी अडचण होते. पस्तीस-चाळीस वर्षं दोन माणसांचं माप हातात बसलेलं असतं, कणीक परातीत घेताना ते माप आपोआप पडतं आणि हात तिथेच थांबतो. मित्राच्या बाबतीत उलट असतं. त्याला स्वयंपाकातलं काही येत नसेल तर फळं आणायला सांगा, रिकाम्या हातानं यायची वेळ आणू नका. आणि पुरुषांच्या गटात परतीला ढाब्यावर 'बसायचं' निघतं, ते त्या दिवशी नको. घरी पोचल्यावर तो एकटा असतो.

बोलण्यात त्यांचं नाव येऊ द्या. दिवसभर सगळे ते नाव चुकवत राहिले की ते चुकवणं तिला कळतं. जेवताना "वड्यावर त्यांना फोडणी किती लागायची" असं कोणी म्हटलं आणि ती रडली, तर जेवण थांबवायचं नाही, पाणी द्यायचं आणि वाढत राहायचं. "आता सावर", "मुलांकडे बघ" ही वाक्यं तिनं तेरवीपर्यंत शंभर वेळा ऐकलेली असतात.

गड, जमला तर

जेवणानंतर ज्यांना जायचं आहे त्यांनी जावं. गाडी वर वाहनतळापर्यंत जाते, पुढे पायऱ्या आहेतच. वानरं भरपूर आहेत. प्रसादाची पारदर्शक पिशवी, हातातलं केळं, सैल चष्मा यांवर त्यांचा डोळा असतो. पर्स खांद्याला आडवी घाला आणि खाण्याचं सगळं गाडीत ठेवून या. दर्शनाची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या.

दारातले फेरीवाले साध्या सवयीनं बोलतात, "ताई, ओटी घेऊन घ्या ना, बांगड्या भरून घ्या." अभिषेकाला बसलं की यजमानांचं नाव, गोत्र विचारतात. यावर उपाय सोपा आहे. एक मैत्रीण चार पावलं पुढे चालते आणि काय हवं-नको ते तीच बोलते. नाव सांगायची वेळ आली तर तिचंच नाव सांगायचं, तेवढं पुरतं. तिनं कुंकू लावलं आहे की नाही, मंगळसूत्र घातलं आहे की नाही, यावर गटात एक शब्दही नको, कौतुकाचासुद्धा नको.

गडावर वराहाची मोठी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत जायचं, पापी असेल तो अडकतो, असं म्हणतात. सहलीला आलेले हसत-खिदळत जातात. जोडीदाराच्या आजारपणात "दवाखान्यात दोन दिवस आधी नेलं असतं तर" हा हिशेब जिच्या मनात अजून चालू आहे, तिला या गमतीत ओढू नका.

कालिदास स्मारकाबद्दल आमच्यातच एकमत नाही. रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. बायकोपासून वर्षभर दूर राहायची शिक्षा झालेला यक्ष याच डोंगरावर ढगाशी बोलतो. काहींना ही विरहाची जागा जवळची वाटते. पण यक्षाचं वर्ष संपणार असतं, तो परत जाणार असतो. हा फरक जिला टोचेल तिला स्मारकात नेऊ नये, आणि तो टोचेल की नाही हे तिच्या जुन्या मैत्रिणींनाच कळतं.

गडावरची नरसिंहाची देवळं मात्र चुकवू नका, वाकाटकांच्या काळातली आहेत, लहान आहेत, गर्दी नसते. इथली एक गोष्ट दर्शनाच्या धांदलीत कोणी सांगत नाही. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान होती, आणि त्याच्या राणीनं, प्रभावतीगुप्तानं, पुढे बरीच वर्षं राज्य चालवलं. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी. तिचा एक ताम्रपट रामगिरीस्वामींच्या पायाशी दिलेला आहे, आणि जवळच्या नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली आहे. धीर द्यायला म्हणून हे ऐकवू नका. देवळासमोरच्या दगडावर बसल्यावर, इतिहासाची आवड असेल तर, सहज सांगा.

अंबाळा

टेकडीच्या पायथ्याचा अंबाळा तलाव बघायला सुंदर आहे, घाट आहेत, काठानं देवळं आहेत. पण विदर्भातली कितीतरी घरं अस्थी आणि पिंडदानासाठी इथेच येतात. परका ड्रायव्हर 'पॉइंट' म्हणून गाडी इथे थांबवतो, आणि उतरल्यावर समोर कोणाचा तरी दहावा चाललेला असतो. त्यांच्या अस्थी इथेच सोडल्या असतील तर हा प्रश्न आणखी नाजूक होतो. म्हणून घरून निघण्याआधी तिलाच विचारा, "अंबाळ्यावर जायचं का?" नको म्हणाली तर ड्रायव्हरला तसं सांगून ठेवा. हो म्हणाली तर एकच मैत्रीण सोबत जाईल, बाकीचे गाडीपाशी थांबतील, आणि घड्याळ कोणी बघणार नाही.

फोटो

फोटो काढा, पण त्या दिवशी स्टेटसला ठेवू नका. "इतक्यात फिरायला निघाली" म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात आणि ते बोलणं तिलाच ऐकावं लागतं. ग्रुपवरही तिला विचारून टाका.

पूर्ण दिवस झेपत नसेल तर

पहिल्या दोन महिन्यांत अर्धा दिवसच बरा. कामठीचं ड्रॅगन पॅलेस त्यासाठी फार योग्य. 1999 साली बांधलेलं हे बुद्ध मंदिर आहे, आत बोलायचं नसतं, ओटी नाही, गोत्र नाही, जोडी नाही. अर्धा तास शांत बसून बाहेर बागेत फिरायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी. सेवाग्राम 75 किलोमीटरवर, त्याला पूर्ण दिवस लागतो, पण चढ-उतार नाही आणि बापूकुटी, बा-कुटीच्या मातीच्या भिंतींपाशी कोणी घाई करत नाही. गुडघे वाईट असतील तर रामटेकऐवजी सेवाग्राम घ्या, परतीला पवनारला धाम नदीकाठी थांबता येतं. नागपुरातला फुटाळा तलाव संध्याकाळी नको, तिथे फार गलबला असतो.

परतताना

या सहलीत सगळ्यात जास्त चूक शेवटच्या अर्ध्या तासात होते. दिवसभर जपलेल्या माणसाला गेटपाशी उतरवून, हात हलवून गाडी निघून जाते. सहा जणांच्या आवाजातून ती एकदम बंद घराच्या शांततेत जाते, आणि आज काय-काय झालं हे ज्याला सांगायचं तो माणूस घरात नसतो.

म्हणून क्रम असा ठेवा. सकाळी निघतानाच हॉलचा दिवा चालू ठेवायला सांगा. किल्ली पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात असू दे, दारात उभं राहून शोधायला लागू नये. तिला सगळ्यात शेवटी सोडा, आणि एक मैत्रीण तिच्यासोबत वर जाईल. एक गाडी त्या मैत्रिणीसाठी खाली थांबेल, ड्रायव्हरला हे आधी सांगितलेलं असेल, म्हणजे खालून हॉर्न वाजणार नाही. वर गेल्यावर चहा ठेवायचा, मनसरच्या रस्त्यावर घेतलेली संत्री टोपलीत ठेवायची. ती दोन-चारच घ्यायची, पेटी नको, एकट्या माणसाकडून संपत नाही आणि सडताना बघवत नाही. उरलेला वडाभात तिच्या फ्रिजमध्ये ठेवायचा, रात्रीचं जेवण झालं. दूध आहे का बघायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला फोन करा. कसं वाटतंय, हे विचारू नका. वडे रात्रीपर्यंत टिकले का, ते विचारा.